नावातच बांधलेली खूण



नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात हजारो पाखरे उतरतात. पाहणारे बहुतेक जण 'बदके आहेत' एवढेच म्हणून मोकळे होतात, आणि काठच्या चिखलात धावणारी सगळी म्हणजे 'टिटव्या'! आमची तक्रार आहे ती या आळसाविषयी. पाण्यापाशी आयुष्य काढलेल्या लोकांनी या पाखरांना वेगवेगळी नावे दिली आहेत, आणि पुष्कळदा ओळखीची खूण त्या नावातच बांधून ठेवली आहे.

हळदी-कुंकू बदकच घ्या. चोच काळी, तिचे टोक पिवळे, आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके. मादीचे ठिपके थोडे फिके, एवढाच फरक. हे बदक आपल्याकडे बारमाही राहते आणि ही खूण ऋतूबरोबर पुसली जात नाही. आमच्या मते सगळ्यांत पक्के नाव हेच.

पाहुण्यांची गोष्ट निराळी. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मानेकडे जाणारी पांढरी कोर असते. तलवार बदकाच्या नराला लांब, टोकदार शेपूट. मादीला ना भुवई ना तलवार. ती बिचारी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. म्हणजे निम्मी पाखरे नावाबाहेरच राहिली की! त्यातून विणीनंतर नरही आपला साज उतरवतात. त्यांची उडण्याची पिसे एकदम गळतात, काही आठवडे उडता येत नाही, आणि तेवढ्या काळात लपायला मळकट वेषच बरा. उत्तरेकडून ते आपल्याकडे येतात तेव्हा पुष्कळांच्या अंगावर अजून तोच वेष असतो. तेव्हा भुवई दिसली नाही म्हणून ते भुवई बदक नव्हे, असा निकाल देऊ नये. अशा वेळी चोच पाहावी. थापट्याची चोच टोकाशी फावड्यासारखी रुंद असते, आणि ती नर-मादी दोघांचीही.

काठावर तर रंगापेक्षा चालीने ओळख पटते. तुतवार आपले बूड सारखे खालीवर हलवीत असतो. चिखल्या चार पावले धावतो आणि थबकतो. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय दुरूनही चुकत नाहीत. टिटवीच्या डोळ्यापुढे तांबडी कातडी असते. माळटिटवीची पिवळी, आणि ती कोरड्या माळावरची.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. वहीत नुसती 'बदके ५००' अशी ओळ लिहिली, तर पुढे भुवई बदके निम्म्याने घटली आणि तितकीच हळदी-कुंकू वाढली तरी आकडा पाचशेचाच राहील. घट कोणाला कळणारही नाही.

तेव्हा तळ्यावर जाल तर सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. काठच्या कोळीदादांना त्या पाखराचे त्यांच्याकडचे नाव विचारा, आणि आम्ही सांगितलेल्या नावाशी ते जुळले नाही तरी वहीत जसेच्या तसे उतरवा.