काचेच्या पेटींतील मासे आणि बदलती हवा



ज्यांच्या घरीं काचेच्या पेटींत मासे पाळलेले असतात, त्यांच्याकडून एक गोष्ट मीं वारंवार ऐकली आहे. आभाळ भरून आलें, वारा पडला, जीव उकडून निघाला, म्हणजे पाऊस यायच्या आधींच मासे वर येऊन तोंड उघडूं-मिटूं लागतात. माशांना पाऊस कळतो, असें वडीलधारीं माणसें कौतुकानें सांगतात आणि मुलें टाळ्या पिटतात. या कौतुकांत तथ्य किती, आणि त्या वेळीं त्या मुक्या प्राण्याला आपल्याकडून काय हवें असतें, याविषयीं आज मी बोलणार आहें.

माशांचा आणि पावसाचा संबंध आपल्या लोकांना नवा नाहीं. मृगाच्या पहिल्या सरी कोसळून ओहोळांना गढूळ पाणी आलें, कीं कोंकणांत मासे प्रवाहाविरुद्ध वर चढूं लागतात, आणि हे चढणीचे मासे धरण्यासाठीं लोक रात्रीं-अपरात्रीं बाहेर पडतात. नव्या पाण्याचा गारवा आणि त्याचा वेग यांवरून माशाला वर्दी मिळते. अंडीं घालण्याची ती वेळ असते. काचेच्या पेटींतहि हेंच दिसतें. दक्षिण अमेरिकेंतील कोरिडोरास नांवाचे लहानसे मिशाळ मासे आतां आपल्याकडेहि पाळतात. त्यांची वीण हवी असली म्हणजे जाणते लोक पेटींतलें थोडें पाणी काढून त्याऐवजीं किंचित् गार पाणी घालतात. माशाला वाटतें, पावसाळा आला!

युरोपांत तर लोच जातीच्या एका माशाचें नांवच ‘हवामान-मासा’ असें पडलें आहे. हा चिखलांत राहणारा, सापासारखा लांबट मासा. वादळापूर्वीं तो अस्वस्थ होऊन वरखालीं धांवूं लागतो, म्हणून जुन्या काळीं लोक त्याला बरणींत ठेवून त्यावरून हवेचा अंदाज बांधीत. ही समजूत अगदींच भाबडी म्हणून सोडून देतां येत नाहीं. लोच, कार्प, सोनेरी मासा या साऱ्या गोतावळ्यांत पोटांतील हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत चिमुकल्या हाडांची एक सांखळी असते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञानें १८२० सालीं तिचें वर्णन केलें. पिशवीवरचा दाब बदलला कीं त्याची खबर या सांखळीवाटे कानाला पोंचते.

परंतु येथें थोडें गणित करूं. शाळामास्तराची खोड, दुसरें काय! पाण्यांत एक सेंटिमीटर खालीं गेलें कीं दाब सुमारें एक मिलिबार वाढतो. आपल्या उष्ण प्रदेशांत हवा निरभ्र असली तरी हवेचा दाब रोज दोनदां चढतो आणि दोनदां उतरतो, आणि हा फरक तीनचार मिलिबारांचा असतो. मासा दोन बोटें वर आला तरी तितकाच फरक त्याला जाणवावयाचा, आणि तो तर दिवसभर वरखालीं करीत असतो. तेव्हां आपल्या दिवाणखान्यांतील गप्पी किंवा सोनेरी मासा वर येऊन राहिला, तर त्याचें खापर हवेच्या दाबावर फोडण्यापूर्वीं दुसरें कारण शोधावें हें बरें.

तें कारण बहुधा प्राणवायूची टंचाई. २० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. ३० अंशांवर तो साडेसातावर येतो. इकडे पुरवठा आटतो आणि तिकडे मागणी वाढते, कारण पाणी दहा अंशांनीं तापलें कीं माशाला प्राणवायु जवळजवळ दुप्पट लागतो. त्यांत खिडकींतली झुळूकहि थांबलेली, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलत नाहीं. आभाळ दिवसभर झांकलेलें असलें तर पेटींतील वनस्पति उजेडाअभावीं प्राणवायु कमी देतात, आणि रात्रीं तर त्या स्वतःच तो वापरतात. म्हणून पहांटेची वेळ सर्वांत वाईट. मुलें टाळ्या पिटीत असतात तेव्हां मासे गुदमरत असतात. गुरामीसारखे कांहीं मासे मात्र वरची हवा थेट घेतात. त्यांचें वर येणें नेहमींचेंच, त्याला भिऊं नये.

गोल काचेचें भांडें आपण हौसेनें गळ्यापर्यंत भरतों, त्याविषयीं माझें मत मुळींच चांगलें नाहीं. समजा, भांडें मध्यभागीं ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि तोंडाशीं १५. तोंडापर्यंत भरल्यावर जेवढें पाणी हवेला भिडतें, त्याच्या चौपट पाणी तें निम्में भरल्यावर भिडतें. मासे मोजकेच ठेवून भांडें निम्मेंच भरावें. शोभा थोडी उणी होईल, होऊं द्यावी. त्याहून उत्तम म्हणजे लांबरुंद, उथळ पेटी.

प्रत्यक्ष पाऊस आला म्हणजे अडचण निराळी होते. खिडकीजवळची लहान पेटी एका रात्रींत निवते. उष्ण देशांतील मासे मग मंदावतात, खाण्याकडे पाहत नाहींत. अशा दिवसांत खाणें निम्म्यावर आणावें, कारण उरलेलें अन्न कुजतांना पुन्हां प्राणवायूच खर्चीं घालतें. गारठ्यानंतर अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो सूक्ष्म परोपजीवी जंतूचा रोग समजून विलंब न करतां उपचार करावा.

आणि वळवाच्या वादळांत वीज जाते. हवा सोडणारा पंप बंद पडतो आणि घरांतलीं सर्व माणसें मेणबत्ती शोधण्यांत गुंततात. त्या वेळीं पेटींत खाणें टाकूं नये, बर्फ तर नाहींच नाहीं. स्वच्छ तांब्यानें पेटींतलेंच पाणी घ्यावें आणि वीतभर उंचीवरून हळूहळू धार धरून परत सोडावें. असें दहावीस वेळां करावें, आणि वीज येईपर्यंत दर पाव तासानें पुन्हां.