दोन बिंदूंतून जाणारी रेषा
(हीरकमहोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



शाळा सोडल्यावर पोटापाण्यासाठी मी वाराणसीस गेलो आणि तेथलाच झालो. ज्या नगरीत १९६४ पासून रेल्वेची डिझेल इंजिने घडली, तेथे माझ्या लहानशा कारखान्यात जुन्या ब्रिटिश मोटारसायकली दुरुस्तीस येतात.

बी.एस.ए. कंपनीच्या १९५० च्या दशकातील दोन सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे एक टोक रोलर बेअरिंगवर, तर दुसरे बुशात, म्हणजे धातूच्या साध्या नळीत, फिरते. या बुशातूनच तेल क्रँकशाफ्टच्या पोटात शिरून कनेक्टिंग रॉडपर्यंत पोहोचते. बुश झिजला की तेल कडेने वाहून जाते आणि उपाशी राहतो तो रॉड.

असा पहिला बुश मी ब्रॉन्झचा केला. लेथवर आतला व्यास अगदी मापात आणला आणि तो दाबून बसवला. शाफ्ट आत जाईना. घट्ट बसवलेला बुश आवळला जातो, हे मी विसरलो होतो. मग एकाच बाजूने हाताने रीमर फिरवला. शाफ्ट गेला आणि मी समाधान मानले. काही आठवड्यांनी ते इंजिन भर रस्त्यात जाम झाले. मालकाने प्रसंगावधान राखून क्लच दाबला, म्हणून निभावले. मागे त्याची लहान मुलगी बसली होती.

बुशाचे भोक गोल होते, मापातही होते; पण समोरच्या बेअरिंगच्या रेषेत नव्हते.

आता मी क्रँककेस तापवून बुश बसवतो, दोन्ही भाग बोल्टांनी जोडतो आणि समोरच्या बेअरिंगच्या जागेतून आधार दिलेल्या रीमरने शेवटचा काप घेतो. ॲल्युमिनियमचे ४० मिलिमीटरचे भोक १०० अंशांच्या तापमानवाढीने सुमारे ०.०९ मिलिमीटर मोठे होते. तेवढाच ब्रॉन्झचा बुश सुमारे ०.०७ ने फुगतो. हा फरक आधीच धरून बुश घट्ट ठेवावा लागतो. नाहीतर गरम इंजिनात तो सैल होऊन फिरतो आणि तेलाचे छिद्र झाकतो.

दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे याच शाळेत गुरुजींनी फळ्यावर शिकवले होते. परीक्षेत त्याचे मला पूर्ण गुण मिळाले. कारखान्यात ते विसरलो, तेव्हा त्याची किंमत मोजण्याची पाळी एका निष्पाप मुलीवर येणार होती. मित्रहो, एवढेच सांगण्यासाठी मी काशीहून आलो.