म्हातारपण कुठं काढायचं?

 

आज आपण बोलणार आहोत म्हातारपणाच्या पत्त्याविषयी. लहानपणी बापाचं घर, लग्नानंतर नवऱ्याचं, उतारवयात मुलाचं. बाईला मधे थांबून कुणी विचारत नाही, की बाई गं, तुला कुठं राहायचंय? आम्हाला हे विचारायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून आम्ही ते एकमेकींनाच विचारलं.

आम्ही सख्ख्या बहिणी, माणदेशातल्या. थोरली आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघींना पेन्शन आहे, दोघी एकट्या आहोत. नोकरी संपल्यावर आम्ही उत्तराखंडात नैनिताल जिल्ह्यात, रामगढ ते मुक्तेश्वर या डोंगरपट्ट्यातल्या एका खेड्यात भाड्याचं घर घेतलं. चार हिवाळे तिथं काढले. सध्या भाचीच्या लग्नासाठी गावी आलोय, तर आपल्या केंद्रावरच्या मुली म्हणाल्या, तुमचं सांगा.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो. एवढ्या थंडीत कशाला गेलात? खरं सांगायचं तर थोरलीला ऊन सोसत नाही. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. दुसरं कारण असं, की भावाच्या घरात आम्ही पाहुण्या होतो. पाहुणचार उत्तम होता, पण कपाटाची किल्ली आमची नव्हती. डोंगरातल्या त्या घराचा भाडेकरार हा आम्हा दोघींच्या नावावरचा पहिला कागद.

उकाड्याला कंटाळून महाराष्ट्रातून तिकडं गेलेल्या आम्ही काही पहिल्या नव्हे. लंडनमध्ये १९०१ साली जन्मलेल्या कॅथरिन हाइलमन १९३२ साली भारतात आल्या. गांधीजींच्या सहवासात त्या सरलाबहन झाल्या आणि वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिल्या. तिथली उष्णता आणि हिवताप त्यांना सोसेना, म्हणून त्या कुमाऊँतल्या कौसानीला गेल्या. तिथं १९४६ साली त्यांनी पहाडी मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला. पुढं त्याची जबाबदारी पहाडातल्याच राधा भट्ट यांच्याकडे सोपवली आणि शेवटची वर्षं धरमघर नावाच्या लहानशा गावी काढली. १९८२ साली त्या वारल्या.

मुक्तेश्वरची जनावरांच्या रोगांवरची प्रयोगशाळासुद्धा मूळची पुण्याची. १८८९ साली ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ साली मुक्तेश्वरला हलली. बुळकांडीसारख्या रोगाच्या जंतूंवर काम करायचं, तर वस्तीपासून लांब, थंड जागा हवी होती.

आता तिथलं रोजचं जगणं सांगतो. आधी भाषेची गंमत. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आमा म्हणाल्या, घाम तापायला या. आमा म्हणजे आजी. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कुमाऊँनीत घाम म्हणजे ऊन! सकाळी दहा ते दोन सगळ्या बायका त्या घामात पाठ करून बसतात, निवडणं-टिपणं, विणकाम तिथंच चालतं. आणि तिथं पाला पडला, म्हणजे पानं पडली असं समजू नका. रात्रीचं दहिवर गोठून पायऱ्या पांढऱ्या होतात, तो पाला. त्यावर पाय घसरला, की म्हातारीचं खुब्याचं हाड गेलंच म्हणून समजा. त्यामुळं ऊन येईपर्यंत आम्ही उंबरा ओलांडत नाही.

थंडीत खोबरेल दगड होतं. विरजण लागत नाही, भांडं रजईत गुंडाळून ठेवावं लागतं. रात्री नळाचं पाणी गोठतं, म्हणून संध्याकाळीच भरून घ्यायचं. खाणं मात्र परकं वाटलं नाही. त्यांचा मडुआ म्हणजे आपली नाचणी, त्यांचा गहत म्हणजे आपला हुलगा. हुलग्याची आमटी आणि नाचणीची भाकरी असली, की पहाडात आणि माणदेशात फरक तो काय!

थोरली नर्स होती, म्हणून तब्येतीच्या चार गोष्टी तिच्या सांगण्यावरून सांगतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. पहाटे अंथरुणातून एकदम उठायचं नाही, आधी बसायचं, मग उभं राहायचं. तहान लागत नाही, तरी कोमट पाणी घोटघोट प्यायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. हे आपल्याकडच्या थंडीतही लागू आहे, घरी जाऊन जरूर सांगा.

आता रस्ता. डोंगरात अंतर मैलात मोजत नाहीत, घर रस्त्यापासून किती पायऱ्या वर किंवा खाली, असं विचारतात. आमचं घर सत्तर पायऱ्या खाली आहे. मोठा सरकारी दवाखाना हल्द्वानीला, घाट उतरून साठ-सत्तर किलोमीटर. सगळं ठीक असलं तर अडीच-तीन तास, आणि पावसाळ्यात दरड आली तर देवाच्या हवाली. आम्ही जाण्याआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये मुक्तेश्वरला एका दिवसात ३४० मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्या माणदेशात वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त. म्हणून आमच्या घरात महिन्याची औषधं कायम शिल्लक असतात.

गेल्या माघात थोरलीच्या छातीत रात्री कळ आली. १०८ ला फोन केला, पण गाडी आली तरी रस्त्यावर थांबणार, सत्तर पायऱ्या कोण चढवणार? धाकटीनं आमांच्या दारावर थाप मारली. चार बायका आणि दोन म्हातारे पुरुष आले. लाकडी खुर्चीला दोर बांधला, थोरलीला बसवलं आणि पाल्यावर राख टाकत टाकत वर नेलं. तरणा गडी एकही नव्हता, कारण गावात तरणे गडी राहिलेलेच नाहीत. कुणी दिल्लीला, कुणी हल्द्वानीला, कुणी फौजेत. २०११ च्या जनगणनेत अल्मोडा आणि पौडी या जिल्ह्यांतली लोकसंख्या आधीपेक्षा घटलेली निघाली. उत्तराखंडाच्या पलायन आयोगानं २०१८ साली सांगितलं, की त्यानंतरच्या काळात ७३४ गावं पूर्ण ओस पडली. हे आकडे आम्ही आधीही वाचले होते. त्या रात्री ते खांद्यावर दिसले.

थोरली वाचली. पण तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. आम्ही त्या गावात निवृत्त व्हायला गेलो. आमा सत्तरीच्या पुढं आहेत, आणि अजून पाठीवर गवताचा भारा घेऊन उतार उतरतात. झऱ्यावरून, ज्याला तिथं नौला म्हणतात, पाणी बायकाच आणतात. जंगलातून सरपण बायकाच आणतात, आणि बिबट्याच्या भीतीनं दिवेलागणीच्या आत परततात. आमांना आम्ही एकदा विचारलं, तुम्ही कधी निवृत्त होणार? त्या हसून म्हणाल्या, माझी म्हैस निवृत्त होईल तेव्हा.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. सरपण विकत घेतो, पाणी आणून देणाऱ्या सुनेला त्याचे पैसे देतो. उन्हाळ्यात झरा आटतो तेव्हा गावाच्या आधी आमची बादली लागत नाही. धाकटी पोरांचा अभ्यास घेते, बायकांचे पेन्शनचे आणि बँकेचे अर्ज भरून देते. जमीन आम्ही घेतली नाही. बाहेरच्या माणसाला तिथं खेड्यात घरासाठी २५० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम अडीच गुंठे घेता येतात, आणि २०२५ पासून कायदा आणखी कडक झालाय. आम्हाला तो पटतो. जिथं पोरं पोटासाठी गाव सोडतात, तिथली शेतं परक्यांच्या बंगल्यांखाली जाऊ नयेत.

माघातल्या त्या दुखण्यानंतर भाऊ म्हणाला, झालं तेवढं पुरे, परत या. आम्ही आठ दिवस वाद घातला, मग वहीत लिहिलं आणि खाली सह्या केल्या. पौष आणि माघ हे दोन महिने आता हल्द्वानीत दवाखान्याजवळ खोली घेऊन काढायचे. दोघींपैकी जिला विसावे घेऊनही पायऱ्या चढवेनात, तिच्यासाठी दोघींनी डोंगर सोडायचा. एक गेली, तर दुसरीनं तिथं एकटीनं हिवाळा काढायचा नाही. आणि जी जाईल तिला तिथंच अग्नी द्यायचा, गावी आणण्याचा अट्टहास नको. शेवटची ओळ लिहिताना दोघींचे हात थांबले होते. पण लिहिल्यावर झोप चांगली लागली. परतीच्या प्रवासाचे आणि सहा महिन्यांच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत.

मैत्रिणींनो, तुम्ही सगळ्यांनी हिमालयात जा, असं आमचं सांगणं नाही. बहुतेकींना पेन्शनही नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण म्हातारपण मुलाच्या घरात काढा, शेतातल्या खोपीत काढा नाहीतर लेकीच्या गावी, ठरवताना तुम्ही त्या बोलण्यात बसलेल्या असा. गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढं विचारा: राहतं घर कुणाच्या नावावर आहे? पाणी आणि सरपण साठाव्या वर्षी कोण आणणार? रात्री दुखलं-खुपलं तर कुणाच्या दारावर थाप मारायची? आणि स्वतःच्या नावावर, कुणाला न विचारता काढता येतील, असे पैसे किती आहेत?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ज्यांचं वय १८ ते ४० आहे त्यांनी बँकेत किंवा पोस्टात अटल पेन्शन योजनेची चौकशी करा. साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत पेन्शन मिळते, आणि जितकं लवकर सुरू कराल तितका हप्ता कमी. आयकर भरणाऱ्यांना यात नव्यानं येता येत नाही. ज्यांचं वय पुढं गेलंय, त्यांनी निदान घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, ते ग्रामपंचायतीत पाहून या.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत निघतोय. आमांसाठी माणदेशी घोंगडं घेतलंय. त्यांच्या गावातल्या बायकांना हेच चार प्रश्न आम्ही विचारणार आहोत. त्यांची आणि तुमची उत्तरं किती सारखी निघतात, ते केंद्राला जरूर कळवू. तुम्हीही कळवा. नमस्कार.