अंगणातील सेलेरी

(शाळेच्या भाजीबागेत रोपे लावण्याच्या दिवशी एका शिक्षिकेने मुलांसमोर केलेले भाषण)



आईने बाजारातून आणलेल्या पिशवीत तुम्ही सेलेरीची जुडी पाहिली असेल. हिरवीगार पाने, लांब देठ आणि उग्र पण छान वास! सूपमध्ये किंवा नूडल्समध्ये ती चिरून घातली, की घरभर घमघमाट सुटतो. कोथिंबीर, गाजर, ओवा आणि बडीशेप ही सारी तिची भावंडे. ही सेलेरी आपल्या अंगणातही वाढते. कशी, ते आज मी सांगणार आहे.

मॉरिशसमध्ये मे ते ऑक्टोबर हे थंडीचे महिने. सेलेरीला थंडावा आवडतो. म्हणून एप्रिलमध्ये बी पेरावे. ते मोहरीपेक्षाही बारीक असते. ओल्या मातीवर ते पसरावे आणि हाताने हलकेच दाबावे. वर माती टाकू नये, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. मग दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही! पुष्कळ जण इथेच कंटाळतात. तुम्ही कंटाळू नका. माती ओली ठेवा.

सुमारे दोन महिन्यांनी रोपांना चार-पाच पाने येतात. तेव्हा शेणखत मिसळलेल्या वाफ्यात ती लावावीत. दोन रोपांमध्ये एक वीत अंतर ठेवावे.

आता माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मी रोपांना दोन बादल्या पाणी घातले आणि पाच-सहा दिवस पाहुणी म्हणून गावाला गेले. परत आले, तर माती सुकलेली आणि रोपे माना टाकून पडलेली! काही वाचली, पण त्यांचे देठ चिवट झाले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, दोन बादल्या पाणी एकदम पिऊन तू आठवडाभर राहशील का?" मी मान खाली घातली.

सेलेरी मूळची दलदलीच्या जागेतली. तिची मुळे खोल जात नाहीत. वरची माती सुकली, की तिला तहान लागते. म्हणून तिला थोडे थोडे पाणी नेहमी हवे.

पण मुलांनो, पावसाळ्याआधी आपल्याकडे पाणी जपून वापरावे लागते. मग काय करावे? आपल्या बेटावर ऊस आहे. उसाचे पाचट रोपांभोवती पसरावे. त्यामुळे ओल टिकते. मात्र पाचट देठांना चिकटू देऊ नये, नाहीतर ते कुजतात. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणीही फेकू नये. ते सेलेरीला घालावे. साबणाचे पाणी मात्र घालू नये.

रोपे लावल्यावर तीन-चार महिन्यांनी देठ काढता येतात. पूर्ण झाड उपटू नका. बाहेरचे दोन-चार देठ तेवढे कापा. आतून नवे येत राहतात.

आज प्रत्येक वर्गाला दहा रोपे मिळतील. शनिवारी-रविवारी शाळा बंद असते, पण रोपांची तहान बंद नसते. तेव्हा त्या दोन दिवशी पाणी घालायला कोण येणार, हे आधी ठरवा. मगच रोप हातात घ्या.