गिझर गरम होत नाही? फेकण्याआधी हे ऐका

अकोल्याचा पोरगा गिझरवर एपिसोड करते म्हटल्यावर पुण्याचे मित्र हसले. मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणीच उकळून येते, गिझर कशाले? पण डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारावर उतरला की सगळे गप्प.

माझी मावशी अकोट तालुक्यात राहते. दोन हिवाळ्यांत दोन एलिमेंट जळाले. मेकॅनिक म्हणे, "ताई, मालच भंगार आहे, नवा घ्या." मावशी घेणारच होती. मी म्हटलं, मावशी, थांब, आधी उघडून तर पाहू. उघडलं तर एलिमेंटवर पांढरा जाड थर, अन् त्याच्या बाजूची मॅग्नेशियमची दांडी, जिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात, जवळपास गायब.

गाव खारपाणपट्ट्यातलं आहे ना. पूर्णेच्या दोन्ही अंगाला, अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. प्यायला नळाचं पाणी येते, पण आंघोळीला बोअरचंच. आता इथे एक गंमत आहे. लोक टीडीएस मीटर बुडवतात अन् आकडा पाहून घाबरतात. पण टीडीएस म्हणजे सगळे क्षार मिळून. त्यातलं साधं मीठ थर बसवत नाही, ते टाकी गंजवते. थर बसवतात कॅल्शियम अन् मॅग्नेशियम. साबणाला फेस येत नसेल तर समजा, ते भरपूर आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची शेवटची मर्यादा 2000 मिलिग्रॅम आहे अन् कठीणपणाची 600, लिटरमागे. दोन वेगळे आकडे आहेत, दोन वेगळे आजार.

थर बसला की एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, तो आतच तापतो अन् फुटतो. म्हणून वर्षातून एकदा, हिवाळ्याआधी, मेन स्विच बंद करून, टाकी रिकामी करून एलिमेंट काढून घ्या. त्याची तांब्याची नळी कोमट पाण्यात लिंबूसत्व टाकून भिजवा, वायर जोडायचं टोक मात्र कोरडं ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरनं खरडू नका. अ‍ॅनोड झिजला असेल तर बदला. तो झिजतो म्हणून टाकी वाचते. आणि नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवू नका, पाणी जितकं तापते तितका थर जास्त.

आता दुसरी केस. सगळं साफ आहे, तरी उशीर लागते. हिशोब करा. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला 2000 वॅटचा गिझर साधारण 21 मिनिटं घेते, तेही 230 व्होल्ट असले तर. हरभऱ्याला पाणी सुरू झालं, एकाच डीपीवर मोटारी चालू झाल्या अन् व्होल्टेज 180 वर आलं, तर? पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं पडते, म्हणजे 1225 वॅट. तेच पाणी आता 34 मिनिटं घेईल. गिझर बिघडलेलाच नाही! शंभर ठिकाणी पाना फिरवण्याआधी मल्टिमीटर लावा, बस.

तिसरी केस फिटिंगची. नवीन गिझर आहे, पहिला मग गरम अन् मंग एकदम कोमट. अशा वेळी इनलेट-आउटलेटचे पाइप उलटे जोडले का पाहा. निळ्या बाजूनं थंड आत, लाल बाजूनं गरम बाहेर. उलटं झालं की थंड पाणी वर शिरून गरमात मिसळते. उभ्या भिंतीवरचा मॉडेल आडवा टांगणारे महाभागही पाहिले आहेत. आणि नवीन जोडणीत गरम नळातून पाण्याची धार आल्याशिवाय स्विच दाबायचा नाही. कोरडा एलिमेंट लगेच जळते.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडं ठिबकते, त्याले घाबरू नका. पाणी तापल्यावर फुगते. पण तो व्हॉल्व्ह एम-सील लावून बंद करणारे लोक आहेत, त्यांच्या बाथरूममध्ये मी आंघोळ करणार नाही.

आणि नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर? फुटलेल्या एलिमेंटमधून करंट पाण्यात उतरते, खारं पाणी तो जास्तच नेते. एमसीबी इथे तुम्हाला वाचवत नाही, ती वायर वाचवते. 30 मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी पाहिजे अन् धड अर्थिंग पाहिजे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते, तिथे पाणी टाकत जा. मुंग्या आल्या असतील तर आज गिझर बंद, वायरमनला फोन, अन् आंघोळ चुलीवरच्या पाण्यानं.