उन्हाळ्याचे दप्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अहमदाबाद येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन मंडळाचे कार्यवाह माझ्या घरी आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे दोन अडचणी मांडल्या. पहिली अशी, की मी साधा बी.ए. आहे, आणि माझ्या आधीचे वक्ते मोठे विद्वान. दुसरी अशी, की नोकरीच्या निमित्ताने ज्या विषयाशी माझा संबंध आला तो उत्सवाच्या मांडवात शोभणारा नाही. शहरावर संकट आले म्हणजे महापालिका काय करते, हा तो विषय. आणि त्यात माणसांच्या मरणाची मोजदाद आहे. कार्यवाह क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चालेल. मात्र पाऊण तासात आटपा." ती आज्ञा मी पाळणार आहे.

मी केंद्र सरकारच्या माहिती खात्यातला अधिकारी. महापालिकेचा नोकर मी कधीच नव्हतो. परंतु सरकारी सूचना वर्तमानपत्रांपर्यंत आणि रेडिओपर्यंत पोचवणे हे आमचे काम असल्यामुळे या शहराच्या आपत्ती-व्यवस्थापनाच्या बैठकांना खात्याचा प्रतिनिधी म्हणून मला काही वर्षे बसावे लागले. तेथे मी बोललो थोडे आणि ऐकले पुष्कळ. आपल्यातलेच गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले, ते या नगरीच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. तेव्हा मराठी माणसाने येथील नगरकारभारात लक्ष घालणे ही काही आगंतुकाची उठाठेव नव्हे, असे मी मनाशी म्हणत असे.

आपत्ती म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे २६ जानेवारी २००१ची सकाळ येत असेल. पावणेनऊचा सुमार, प्रजासत्ताक दिन, आणि पायांखालची जमीन हलू लागली. या शहरातल्या कित्येक बहुमजली इमारती त्या दिवशी कोसळल्या. अशा संकटाला आवाज असतो. ते कोठे झाले ते दिसते, मदत कोठे न्यायची ते कळते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र छापून येते. मी ज्या संकटाविषयी बोलणार आहे त्याला यांतले काहीच नसते.

२०१०चा मे महिना. २१ तारखेला, शुक्रवारी, शहराचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक इस्त्रीवाला बसे. वर पत्र्याचे छप्पर, हातात कोळशाची इस्त्री, आणि पुढ्यात सोसायटीभरच्या कपड्यांचे गाठोडे. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने मला पुण्यास जायचे होते आणि माझे सदरे झाले नव्हते. दुपारी मी खाली उतरलो आणि, सांगायला संकोच वाटतो, त्याच्यावर चांगलाच तापलो. तो म्हणाला, "साहेब, आज जरा गरगरतंय." मी म्हणालो, "मग लिंबाचं सरबत घे, पण सदरे पाचपर्यंत दे." पाचाला सदरे आले. मी पुण्यास गेलो. चार दिवसांनी परतलो तेव्हा सौभाग्यवतींनी सांगितले, की तो त्याच रात्री गेला. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले होते. आम्ही हळहळलो, त्याच्या घरी थोडे पैसे पोचवले, आणि विषय संपला. उन्हाशी त्या मरणाचा संबंध जोडण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही, आणि मलाही सुचले नाही.

हा संबंध पुढे आकड्यांनी जोडून दिला. त्या मे महिन्यात शहरात किती माणसे मरण पावली, हे अभ्यासकांनी महापालिकेच्या जन्ममृत्यूच्या नोंदींतून काढले आणि इतर वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले. एरवी ज्या महिन्यात ३,११८ मृत्यू अपेक्षित होते, तेथे ४,४६२ झाले होते. म्हणजे १,३४४ माणसे जादा गेली होती. दाखल्यांवर मात्र उष्माघात हा शब्द क्वचितच होता. ताप, हृदयविकार, म्हातारपण, असेच पुष्कळसे लिहिलेले. यात डॉक्टरांची लबाडी नव्हे. घाम गाळून शरीर स्वतःला थंड ठेवते आणि त्यासाठी हृदयाला दुप्पट राबावे लागते. दिवसा राबलेल्या हृदयाला रात्री गारव्यात विसावा मिळाला तर ते तगते. सिमेंट आणि पत्रे रात्रभर धग सोडत राहिले, तर म्हाताऱ्याचे किंवा कष्टकऱ्याचे हृदय थांबते, आणि डॉक्टर जे थांबले तेच लिहितो.

आमचा इस्त्रीवाला त्या १,३४४ जणांपैकी होता काय? हे कोणीच सांगू शकणार नाही. तो आकडा वजाबाकीतून आलेला आहे, त्यात नावे नाहीत. मी मात्र तो अहवाल वाचला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता महापालिकेने काय केले ते सांगतो. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आणि काही परदेशी संशोधकांच्या साहाय्याने २०१३ साली अहमदाबादने उष्णतेशी मुकाबला करण्याचा आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातला तो पहिलाच. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१० साली केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत भूकंप होता, पूर होता, गारपीट होती, टोळधाडीसारख्या किडीलाही स्थान होते. उष्णतेची लाट नव्हती. ज्या संकटाला दिल्लीच्या यादीत नाव नाही त्याला एका नगराने आपल्या दप्तरात नाव दिले, हे केंद्राचा सेवक असूनही मी कौतुकाने सांगतो.

आराखडा म्हटला की आपल्याला जाडजूड ग्रंथ आठवतो. प्रत्यक्षात त्यातला कणा फार साधा होता. कोणत्या तापमानाला या शहरातली माणसे मरू लागतात हे जुन्या नोंदींवरून ठरवले, आणि त्यानुसार रंग नेमले. सुरुवातीच्या आराखड्यात ४१.१ ते ४३ अंशांना पिवळा, त्यावर ४५च्या आतपर्यंत नारिंगी, आणि ४५ व त्याहून अधिक असेल तर लाल. आरोग्य खात्यातला एक अधिकारी मुख्य संपर्क अधिकारी नेमला. हवामानाचा अंदाज त्याच्याकडे यावयाचा आणि त्याने ठरलेल्या माणसांना ठरलेला निरोप द्यावयाचा. मग रुग्णालयांनी बर्फाच्या पिशव्या तयार ठेवायच्या, पाणपोया वाढवायच्या, एरवी दुपारी कुलूपबंद असणाऱ्या बागा उघड्या ठेवायच्या, १०८च्या रुग्णवाहिकांना सावध करायचे. खरे काम तर उन्हाळ्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना लक्षणे पुन्हा शिकवायची, आणि कोण कोणाला फोन करणार याची यादी तपासायची. ही यादी तपासण्याचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटू लागले. दरवर्षी तिच्यात दोनचार बदलून गेलेले आणि एखादा निवृत्त झालेला अधिकारी निघेच.

एका सार्वजनिक रुग्णालयाचा दाखला सांगण्याजोगा आहे. तेथील प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता, थेट तापलेल्या गच्चीखाली. तापमान ४२ अंशांपलीकडे गेले की प्रत्येक अंशामागे, उष्णतेने आजारी होऊन दाखल होणाऱ्या नवजात बालकांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढते, असे तेथील नोंदींतून दिसले. कक्ष खालच्या मजल्यावर हलवला, आणि हे प्रमाण घटले. यंत्र आणावे लागले नाही, निविदा काढावी लागली नाही. खाटा जिन्यावरून खाली आणल्या.

आमच्या खात्याकडे निरोपाची भाषा होती, आणि तेथे माझी फजिती झाली. मी मोठ्या अभिमानाने मराठी वळणाच्या गुजरातीत एक पत्रक लिहिले. त्यात अंश सेल्सिअस होते, निर्जलीकरण होते, आणि 'मुबलक पाणी प्यावे' असा उपदेश होता. ते घेऊन मी माणेकचोकात गेलो. एका भाजीवालीला ते वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, पाणी पिऊ, पण मग जायचं कुठं?" मला आधी प्रश्नच कळला नाही. बायकांसाठी जवळपास सोयीचे शौचालय नसल्यामुळे ती सकाळपासून मुद्दाम पाणी कमी पीत होती, आणि तिच्या रांगेतल्या साऱ्याजणी तेच करीत होत्या. तीस वर्षे बाजारात बसलेल्या त्या बाईने माझ्या पत्रकातली उणीव एका वाक्यात दाखवली. पुढच्या बैठकीत मी तिचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. एक गृहस्थ म्हणाले, हा विषय दुसऱ्या खात्याचा. ते नियमाला धरूनच बोलले. म्हणून मला अधिक वाईट वाटले.

या कामाची मोठी अडचण अशी, की ते साधले तर दाखवायला काही उरत नाही. पुरात वाहून चाललेल्या माणसाला बाहेर काढले तर त्याचा फोटो निघतो, सत्कार होतो. उन्हाळा धड गेला, तर सप्टेंबरातल्या आढाव्याच्या बैठकीत कोणी तरी विचारतोच, "यंदा तर काहीच झाले नाही, मग हा खर्च कशासाठी?" याला उत्तर पुन्हा आकड्यांनीच दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज वर्तवला, की २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत मिळून या आराखड्यामुळे सुमारे २,३८० मृत्यू टळले असावेत. हा अंदाज आहे, हे मी पुन्हा सांगतो. ही जी माणसे वाचली असे म्हणतात, त्यांना आपण वाचलो हे ठाऊकही नाही. त्यांतली काही या सभागृहात बसलेली असतील.

२० मे २०१६ला पारा ४८ अंशांवर गेला. १९१६ सालापासूनचा उच्चांक त्या दिवशी मोडला. त्या दुपारी मी मुद्दाम सोसायटीच्या फाटकाशी गेलो. इस्त्रीचे टेबल रिकामे होते. आता तेथे त्या इस्त्रीवाल्याचा मुलगा बसतो. तो पलीकडच्या बागेत, झाडाखाली आडवा झाला होता. बागेचे फाटक उघडे होते. पुढल्या वर्षी महापालिकेने गरीब वस्त्यांतली छपरे चुन्याने पांढरी करण्याची मोहीम घेतली, तेव्हा त्याने आपल्या टपरीच्या पत्र्यावरही चुना फासून घेतला. उन्हाळ्यात बारा ते चार तो काम करीत नाही. कपडे वेळेवर मिळत नाहीत अशी सोसायटीच्या सभेत दरवर्षी तक्रार येते. मी त्या चर्चेत भाग घेत नाही.

कार्यवाह घड्याळाकडे पाहू लागले आहेत, म्हणून एक विनंती करून रजा घेतो. आपल्या सभासदांच्या यादीत असे पुष्कळ ज्येष्ठ आहेत, ज्यांची मुले बंगळूरला किंवा अमेरिकेत आहेत आणि घरात दोघे किंवा एकटेच कोणी राहते. काहींची घरे शेवटच्या मजल्यावर आहेत. एप्रिल-मे महिन्यांत मंडळाचे हे सभागृह दुपारी उघडे ठेवावे, माठ भरून ठेवावेत, आणि अशा प्रत्येक घरी रोज सकाळी एक फोन जावा. त्यासाठी मी एक वही घातली आहे. नाव, पत्ता, मजला, आणि शेजाऱ्याचा फोन, एवढे चार रकाने आहेत. बाहेर चहाच्या टेबलावर ती ठेवली आहे. जाताना कृपया भरावी. फोन करायला मला आणखी तिघांची मदत लागेल.