जुनी सेडान, दमट हवा

नवी मुंबईत तुर्भ्याला खाडी जवळ, हवा दमट. जुनी सेडान चावी फिरवल्यावर नुसती ‘टिक्’ करते, तेव्हा लगेच नवी बॅटरी घेऊ नका. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट दिसले, तर ती भरलेली आहे. मग आधी मायनसची वायर काढा, टर्मिनलवर दमट हवेत साचणारा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा आणि अर्थिंगचा नट आवळा. बहुतेकदा दुखणं इथेच असतं. इंजिन सुरू असताना साधारण 14 व्होल्ट हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर किंवा ढिला बेल्ट तपासा.

एपीएमसी बाजाराजवळच्या कोंडीत तापमानाचा काटा चढतो, गाडी पळताच उतरतो? रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज आणि रिले बघा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.